आवाज कुठी गेला

अपडेट झाल्यानंतर अश्वजितचा कॉम्प्युटर मुका झाला. सकाळी त्यानं बटन दाबलं, आतला पंखा घरघरला, पण स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा तो रोजचा कोरडा आवाज काही आला नाही. त्यानं स्पीकरची वायर काढून पुन्हा खोचली. मग स्पीकर मोबाइलला लावून पाहिला. तिथं तो नीट वाजत होता. म्हणजे बिघाड आत होता.

दुसऱ्या कुणाचा कॉम्प्युटर मुका झाला असता तर फार तर गाणी बंद पडली असती. अश्वजितचं सगळंच बंद पडलं. कॉलेजात असताना त्याच्या डोळ्यांच्या नसा सुकत गेल्या आणि शेवटची परीक्षा येईपर्यंत फळ्यावरचं दिसेनासं झालं होतं. आता तो चिमूरला आईबरोबर राहत होता आणि नागपूरच्या एका संस्थेसाठी रेकॉर्डिंग ऐकून टाइप करत होता. वाघानं मारलेल्या माणसांच्या घरच्यांशी संस्थेचे लोक बोलत, आणि ते बोलणं कागदावर यावं म्हणून त्याच्याकडे पाठवत. झाडीकडची, म्हणजे तिथल्या जंगलपट्ट्यातली बोली नागपुरातल्या टायपिस्टांना उमजायची नाही, ती त्याला उमजायची. सध्या तो सोमारी नावाच्या एका बाईचं बोलणं उतरवत होता. तिचा नवरा मोहफुलं वेचायला गेला होता. त्याला शोधायला ती कुठं गेली, कुणाला हाका मारल्या, हे बाई सांगत असतानाच अश्वजितनं ते रेकॉर्डिंग आदल्या दिवशी अर्ध्यावर थांबवलं होतं.

अशा वेळी तो गोपालला फोन करायचा. गोपाल त्याचा चंद्रपूरच्या होस्टेलातला दोस्त, गडचिरोलीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. डोळे गेल्यावर बाकीचे दोस्त भेटायला येऊन हळहळून गेले. गोपाल आला तो एक जुना कॉम्प्युटर मोटरसायकलवर बांधून. त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकून त्यानं अश्वजितला एकेक की शिकवली होती.

फोन गोपालच्या बायकोनं, चंचलनं उचलला.

"दवाखान्यात हाव भाऊजी. त्याईले भरती केलं. सिकलसेलचंच. हातपाय लय दुखून राह्यले, आन् आता छातीत बी दुखते म्हणते."

"रक्त लागते का?"

"एक बाटली चढवली. तुमचं काही काम होतं?"

"नाई. असाच केल्ता," अश्वजित म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

पण दुपारी गोपालचाच फोन आला. तो दोन शब्द बोलून श्वास घेत होता.

"चंचल म्हणे, तू असाच फोन केल्ता. तू असा कधी करतेस बे? काय बिघडलं?"

"काही नाई. तू झोप."

"झोप लागते काय इथी. सांग ना. तेवढाच टाइम जाईन."

अश्वजितनं सांगितलं. गोपालनं लगेच विचारलं, "प्रॉकमंदी पाह्यलं?"

प्रॉक हे त्या सिस्टिममधलं एक विचित्र फोल्डर. त्यातल्या फाइली डिस्कवर नसतातच. फाइल उघडली की त्या क्षणी यंत्राच्या आत जे चाललेलं असतं ते लिहून समोर येतं. ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम, काय करतोय हे अंदाजानं ठरवू नको, आधी त्यालाच विचार, असं गोपाल नेहमी सांगायचा. अडचण एवढीच होती की ते उत्तर स्क्रीनवर येणार, आणि ते वाचून दाखवणारा आवाजच बंद होता.

"माय," अश्वजितनं हाक मारली, "जरा इथी ये. वाचून दाखव."

कमलाबाई लाखोळीची डाळ निवडत होती. पदराला हात पुसत ती आली. "मले इंग्रजी कुठी येते बाबू?"

"अक्षरं येते ना. एकेक अक्षर सांग."

त्यानं टर्मिनल उघडून आदेश टाइप केला. आवाज बाहेर काढणाऱ्या साउंड कार्डांची यादी दाखवणारी ती फाइल होती. कमलाबाईनं स्क्रीनजवळ तोंड नेलं. तिला मोठी लिपी यायची, लहान लिपीत मात्र बी आणि डी यांची गफलत व्हायची.

"पह्यले शून्य हाय. मंग एच, डी, एम, आय. खालच्या ओळीत एक हाय, आन् पी, सी, एच."

फोनमधून गोपालचा हलका हुंकार आला. "नंबर बदलले. पह्यले तुह्यं स्पीकरवालं पीसीएच शून्यावर होतं. आता मॉनिटरवालं कार्ड शून्यावर जाऊन बसलं. आता दोघायचं स्टेटस पाह्य."

अश्वजितनं वाचन चालू करणारी की दाबली आणि लगेच पहिल्या कार्डाची स्टेटस फाइल उघडली. कमलाबाई अक्षरं सांगत गेली. आर, यू, एन, एन... अश्वजितला पुढची सांगायची गरज राहिली नाही. रनिंग. दुसऱ्या कार्डाच्या फाइलीत एकच शब्द होता, क्लोज्ड.

"म्हंजे काय?" कमलाबाईनं विचारलं.

"आवाज निघून राह्यला माय. पण मॉनिटरकडं जाऊन राह्यला. मॉनिटरले स्पीकरच नाई."

"म्हंजे ते सकाळपासून बोलून राह्यलं, आन् आपल्याले आयकू नाई आलं?"

"होय."

पलीकडे गोपाल हसला आणि त्याला खोकला आला. खोकला थांबेचना. मागून चंचलचा आवाज आला, मग दुसऱ्या कुणा बाईचा, बहुतेक नर्सचा. "लाइन लिहा लागते एक," गोपाल घाईनं म्हणाला, "ड्रायव्हरले सांगा लागते का..." मग फोन चंचलच्या हातात गेला.

"मास्क लावून राह्यले भाऊजी. उद्या बोलतीन ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तो गोपालच्या भावाचा. पहाटे छातीत पाणी भरलं, नागपूरला न्यायला गाडी सांगितली होती, पण गाडीत घालायची वेळच आली नाही.

अश्वजित आईचा हात धरून बसनं गडचिरोलीला गेला. घाटावर तो लोकांच्या मागं उभा राहिला. ओळखीचे आवाज येत होते, कोणी खांद्यावर हात ठेवत होतं. जाळाची आच तोंडाला लागली तेव्हा त्याला कळलं की आपण बरेच पुढं आलो आहोत. चंचलशी बोलायची त्याची हिंमत झाली नाही. श्वास पुरत नसलेल्या माणसाला आपण दुपारभर बोलायला लावलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं.

घरी आल्यावर त्यानं कॉम्प्युटरवर चादर टाकली. संस्थेतून विचारणा झाली, तर तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं. दिवसभर तो खाटेवर पडून राहायचा. कमलाबाई जेवायला वाढायची, तो दोन घास खाऊन उठायचा. सोयाबीन कापायच्या मजुरीवर ती सकाळी जायची आणि परत आली की तो तिथंच, त्याच कुशीवर असायचा.

एका रविवारी ती कामावर गेली नाही. चादर ओढल्याचा आवाज त्यानं ऐकला, मग खुर्ची सरकल्याचा.

"काय करून राह्यली?"

"बटन दाबलं," ती म्हणाली. "आता तू सांग काय लिहाचं ते. वाचाचं काम माह्याकडं."

"मले पूर्ण माहीत नाई माय. त्यानं अर्धच सांगतलं."

"अर्धं तं माहीत हाय ना."

तो उठला. मॉनिटरच्या कार्डाचा ड्रायव्हरच बंद करून टाकावा, म्हणजे आवाजाला जायला दुसरी जागा उरणार नाही, असं त्याला वाटलं. तशी ओळ लिहून त्यानं मशीन पुन्हा सुरू केलं आणि यादीची फाइल उघडली. कमलाबाईनं अक्षरं सांगितली. ती जोडून त्यानं वाचलं, नो साउंडकार्ड्स. दोन्ही कार्डांचा ड्रायव्हर एकच होता. एकाला बाहेर काढताना दोन्ही गेली होती.

तो कीबोर्डवर हात ठेवून बसून राहिला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यानं पुसलं नाही. कमलाबाईनं चहा केला, त्याच्या हातात कप दिला आणि परत स्क्रीनसमोर येऊन बसली.

चहा पिताना तो गोपालचं ते अर्धं वाक्य मनात घोळवत राहिला. ड्रायव्हरला सांगायला लागतं. बंद कर म्हणून नाही. तर मग काय? यादीत नुसते नंबर बदलले होते. म्हणजे नंबरच सांगायचे. पहिल्याला एक, दुसऱ्याला शून्य. त्यानं आधीची ओळ खोडली आणि नवी लिहिली. कमलाबाईनं एकेक अक्षर त्याला परत वाचून दाखवलं. एका ठिकाणी तिनं बीला डी म्हटलं, मग स्वतःच थांबून दुरुस्त केलं.

मशीन पुन्हा सुरू झालं. पंखा घरघरला. आणि मग तो कोरडा आवाज आला. त्यानं आजची तारीख सांगितली, बॅटरी नाही असं सांगितलं, आणि न वाचलेल्या मेलांचा आकडा सांगितला.

कमलाबाई उठली. "मी डाळ टाकतो," ती म्हणाली, आणि चुलीकडे गेली.

अश्वजितनं सोमारीबाईचं रेकॉर्डिंग लावलं. बाई हुंदका न देता सांगत होती. नवऱ्याचं टोपलं तिला आधी दिसलं, मोहफुलं सांडलेली होती, आणि तिनं ती वेचायला घेतली, कारण पुढं बघायचं नव्हतं. अश्वजितनं ते जसंच्या तसं उतरवलं. मग त्याला आणखी टाइप करवेना.

त्यानं मोबाइल घेतला आणि बोटांनी सवयीनं गोपालचा नंबर लावला. तिकडे घंटी वाजू लागली तेव्हा तो भानावर आला. फोन बंद करणार तोच चंचलचा आवाज आला.

"बोला भाऊजी."

"काही नाई. आवाज आला, एवढंच सांगाले केल्ता."

"कायचा आवाज?"

"कॉम्प्युटरचा. त्या दिवशी गोपाल पाहून राह्यला होता ना. तो बिघाड सापडला. वहिनी, त्या दिवशी मी त्याले बोलू द्याले नाई पाहिजे होतं."

चंचलच्या मागं कुठंतरी भांडं आपटलं.

"मास्क लावल्यावर बी ते बोलत होते," ती म्हणाली. "नर्सले सांगत होते, माह्या दोस्ताचा आवाज मॉनिटरकडं जाऊन राह्यला. तिले वाटलं वातात बडबडून राह्यले. मले बी तसंच वाटलं. म्या म्हटलं, गप राहा." मग तिनं विचारलं, "ते खरंच होतं का?"

"खरंच होतं."

"मंग कसं सापडलं? सांगा ना."

त्यानं सांगायला सुरुवात केली. आधी यादीची फाइल, तिच्यात बदललेले नंबर, मग स्टेटसची फाइल, तिच्यातला रनिंग आणि दुसरीतला क्लोज्ड, मग स्वतःची चूक. तिला त्यातलं फारसं कळत नसावं. मधेच ती "हं" म्हणायची, मधे नाक ओढल्याचा आवाज यायचा. त्याचं सांगून झालं तरी तिनं फोन ठेवला नाही, आणि त्यानंही ठेवला नाही.