नऊशेच्या मुलखात एकोणीसशेचा फोन

मी बोलतोय. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण लोणी भापकरला आल्यापासून मी बोलतोय तो आज पहिल्यांदाच. मी मोबाईल फोन आहे, जातीचा अमेरिकन. तिकडच्या दुकानात जोतीरामने मला उचललं तेव्हा विक्रेत्याने छातीठोक सांगितलं होतं, जगात कुठेही चालेल. त्याच्या जगात बारामती तालुका नव्हता, एवढाच काय तो फरक.

जोतीराम आप्पांचा मुलगा. आप्पांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरांचा मोठा कळप होता. आप्पांनी तो कमी करत शेती धरली आणि पोराला शिकवलं. पोरगं शिकलं ते थेट अमेरिकेत गेलं.

आठ दिवस मी त्याच्या खिशात होतो. तेवढ्या दिवसांत मी चिक्कार बोललो, वाजलो, हसलोसुद्धा. मग त्याला घरची खबर आली. आई सारजाचा डावा कान केव्हाच गेला होता, आता उजवाही चालला होता. डॉक्टर म्हणाले होते, शिमग्यापर्यंत टिकेल फार तर, ऐकायचं ते ऐकून घ्या. जोतीरामने मला पुसलं, डबीत घातलं आणि पुण्याला निघालेल्या मित्राबरोबर धाडून दिलं. सोबत चिठ्ठी होती: "आई, हा कानाशी धर, आवाज मोठा होतो. दर रविवारी सकाळी नऊला मी यावरच लावीन. माझं घर बदलतंय, नवा नंबर फोनवरच सांगतो."

१९९९ सालच्या दिवाळीत मी लोणीत आलो. सारजाने मला हळद-कुंकू लावलं, ते बटणांच्या फटीत गेलं. जुन्या घोंगडीच्या तुकड्याची पिशवी तिने माझ्यासाठी शिवली. टोचायची, पण उबदार होती. माझ्या चार्जरचे चपटे पाय इथल्या भिंतीतल्या भोकांत शिरेनात, म्हणून आप्पांच्या पुतण्याने, संभाजीने, बारामतीहून जोडपिन आणली. पाय बसत नाहीत तर कान तरी बसतील का, हा प्रश्न कुणाच्याही मनात आला नाही. माणसं शहाणी असतात, पण आपल्याला सोयीच्या जागीच.

तोवर जोतीरामचा फोन शेजारी दादासोंच्या घरी यायचा. दादासो मोठे बागायतदार. रविवारी आप्पा-सारजा त्यांच्या ओसरीवर बसून राहायचे. माझ्या येण्याने आप्पांची मान ताठ झाली. पारावर चारचौघांत ते म्हणाले, "आता कुणाच्या दारात ताटकळाय नगं. आमचा फोन आमच्या खिशात हाय." ऐकणाऱ्यांत दादासोही होते. ते नुसते पान चघळत राहिले.

संभाजीने इथलं कार्ड आणलं आणि जोतीरामने घर बदलायच्या आधीच त्याचा नंबर बारामतीहून फोन करून त्याला कळवला. कार्ड माझ्या पोटात गेलं आणि मी कान टवकारले. काहीच नाही. ज्या दुकानातून कार्ड घेतलं तिथला माणूस म्हणाला, "गावात रेंज नसंल. उंचावर न्या."

झालं. दर रविवारी सकाळी आप्पा मला घेऊन गावामागच्या टेकडीवर चढू लागले आणि मागून सारजा, गुडघ्यांवर हात रोवत. वर पोचली की ती मला उजव्या कानाशी धरून बसायची. नऊ वाजायचे, दहा वाजायचे. "आज रेंज न्हाय," आप्पा म्हणायचे. जसं काही रेंज म्हणजे एस.टी.च आहे, उशिरा का होईना येईल. एकदा त्यांनी मला काठीच्या टोकाला बांधून वर धरलं. तो दिवस मी विसरणार नाही. इतकी लाज मला कधीच वाटली नव्हती.

एक महिना गेला, दोन गेले, तीन गेले. सारजाशी बोलताना आप्पांचा आवाज दर आठवड्याला थोडा चढत होता. आधी ओसरीवरून हाक मारली तरी चालायची, पुढे पुढे जवळ जाऊन खांद्याला हात लावावा लागे. मला ते सगळं ऐकू येत होतं. जे ऐकायला मला आणलं होतं, तेवढंच फक्त येत नव्हतं.

माघात एका रविवारी ऊसतोडीचा मुकादम गेणू टेकडीवर आला. त्याच्याकडेही मोबाईल होता, इथलाच. आम्ही बसलो होतो आणि अचानक रिंग वाजली. इतकी मोठी, की सारजालाही पुसटशी कळली. तिने मला दोन्ही हातांनी कानावर दाबलं. "आला! अवं, आला! जोत्या, बोल रं बाळा!"

पलीकडे गेणू आपल्या फोनवर ट्रकवाल्याला शिव्या देत होता.

बोलणं संपवून तो आला, मला उलटंपालटं करून बघितलं आणि ओशाळून म्हणाला, "आप्पा, हितं रेंज फुल हाय. तुमच्या फोनातच खोट दिसतीय. बारामतीला दाखवा."

बारामतीत फोन दुरुस्त करणाऱ्याने मला उघडलंसुद्धा नाही. मागची पट्टी वाचली आणि म्हणाला, "खोट कसली? नवाकोरा हाय. पण आपल्याकडं लहरी नऊशेवर चालत्यात, ह्याला फकस्त एकोणीसशेचं कळतं. टावरखाली नेऊन ठेवला तरी वाजायचा न्हाय."

संभाजीला काही उमगलं नाही. आप्पांना मात्र लगेच उमगलं. "म्हंजी मेंढरावानी," ते म्हणाले. "ज्या धनगराची हाळी, त्याचंच मेंढरू वळतं. दुसऱ्यानं घसा फाडला तरी मान वर करत न्हाय." मग त्यांनी मला उचलून मुठीत घेतलं. "जल्म मेंढरांत गेला माझा. मला कळाय पायजे हुतं."

त्याच दिवशी संध्याकाळी आप्पा दादासोंच्या दारात उभे राहिले. मी त्यांच्या हातातच होतो. "दादासो, आमचा फोन चालत न्हाय," एवढंच ते म्हणाले. दादासोंनी खाली बघितलं. "जोतीरामचा फोन आला हुता हितं. तीनदा," ते म्हणाले. "मी म्हणलं, आता त्यांचा सवताचा हाय, तितं लाव. नवा नंबर लिहून घ्या म्हणला, ते बी केलं न्हाय." मग म्हणाले, "तुमी पारावर तसं बोलला, आप्पा. लागलं मला."

आप्पा भांडले नाहीत. कुठल्या तोंडाने भांडणार? एकाची ऐट, एकाचा राग आणि मधे मी बहिरा. तिघांनी मिळून एका बाईचे चार महिने खाल्ले.

पुढे दोन रविवार ओसरीवर कोरडे गेले. तिसऱ्या रविवारी, शिमगा चार दिवसांवर असताना, दादासोंचा फोन वाजला. दादासो स्वतः धावले, रिसिव्हर आणून सारजाच्या उजव्या कानाशी धरला. तिचा चेहरा उजळला. "व्हय रं," ती म्हणाली. "व्हय. बरी हाय मी. व्हय, व्हय."

ती बोलत राहिली. आप्पांनी वाकून रिसिव्हरला कान लावला. त्यांच्या मुठीतून मलाही ऐकू आलं. लाईन कधीच तुटली होती. नुसतं टूं टूं टूं चाललं होतं आणि सारजा म्हणत होती, "व्हय बाळा. व्हय."

आप्पांनी रिसिव्हर काढून घेतला नाही. तिनेच थोड्या वेळाने खाली ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "लई बारीक आवाज झालाय त्याचा. नीट जेवत नसंल."

आता मी घोंगडीच्या पिशवीत खुंटीला टांगलेला असतो. बॅटरी केव्हाच मेली. परदेशातून आपल्या माणसाला माझ्यासारखं काही पाठवणार असाल, तर आधी एवढं विचारा, की त्याला तिकडची हाळी कळते का. मला कुणी विचारलं नाही.

सारजा अजून रविवारी पिशवी खाली काढते, मला पदराने पुसते आणि नऊ वाजता उजव्या कानाशी धरते. आता आम्ही दोघं सारखेच.