न वाचलेला शेवट

मित्रांनो, माझ्या अंगावरची निम्मी अक्षरे पुसली गेली आहेत, त्यामुळे माझी ओळख मलाच करून द्यावी लागणार. मी एक जुना कीबोर्ड आहे. सध्या माझा मुक्काम कपाटावर, एका बंद पडलेल्या टेबलपंख्याच्या शेजारी असतो. माझी वायर माझ्याच अंगाभोवती गुंडाळलेली आहे. धूळ म्हणाल तर हवी तेवढी. पण मी रडगाणे गायला बसलेलो नाही. मला तुम्हाला माझ्या ताईंची गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक लोखंडी बोट होते. ते माझी प्रत्येक कळ पुन्हा पुन्हा दाबून पाहायचे. जो कीबोर्ड अडखळला, तो बाजूला. मी अडखळलो नाही, म्हणून खोक्यात बसून दुकानात आलो. तिथून ताईंच्या यजमानांनी मला घरी आणले. ते लोकांना गाडी चालवायला शिकवायचे. त्यांनी माझ्या कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर स्वतः बसून लावले. त्यात 'थ' उलटा लागला. ताईंनी ते दाखवले तेव्हा म्हणाले, "असू दे. थकलेला माणूस असाच पडतो."

ताई हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या. दिवसभर "श्वास धरा, हलू नका, आता सोडा" एवढेच बोलायच्या. मग संध्याकाळी घरी आल्या की तोंड धुवायच्या, चहाचा कप माझ्यापासून हातभर लांब ठेवायच्या आणि कथा लिहायला बसायच्या. त्यांची बोटे हलकी होती. वाक्य जमले की त्या माझ्या कडेवर करंगळीने ताल धरायच्या. ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस.

इंटरनेटवर लिहिणाऱ्यांचा एक कट्टा होता. तिथे कुणीही आपली कथा ठेवायची, इतरांनी ती वाचायची आणि खाली अभिप्राय लिहायचा. खरी नावे कुणी लावत नसे. ताईंनी 'सावली' हे नाव घेतले. त्यांची पहिली कथा कट्ट्यावर गेली आणि खाली भराभर शब्द उमटले. "वा!" "सुंदर!" "लिहीत राहा!" कुणी फुले पाठवली, कुणी अंगठा उभा करून दाखवला.

यजमान मागे उभे राहून वाचत होते. "एवढी शिकलेली माणसं आणि सगळी अंगठेबहाद्दर?" ते म्हणाले.

"तुम्हाला नाही कळायचं. कौतुक आहे ते," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी प्रत्येकाचे वेगवेगळे आभार मानले. माझ्या 'आ' आणि 'भ' या कळा तेव्हापासूनच झिजायला लागल्या.

त्या गर्दीत एक अभिप्राय लांबलचक होता. लिहिणाऱ्याचे नाव होते 'जुना चष्मा'. त्याने लिहिले होते की कथेतली नर्स सुरुवातीला डावखुरी आहे आणि पुढे उजव्या हाताने सुई देते. मधला पत्त्यांचा डाव काढला तरी चालेल. आणि शेवटी लिहिले होते, 'ती खिडकीशी उभी राहून केस बांधते, तो भाग मी दोनदा वाचला. एकटं राहणारी माणसं अशीच सावकाश केस बांधतात.'

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी नर्सचा डावा-उजवा हात दुरुस्त केला, पत्त्यांचा डाव काढून टाकला. कथा खरोखरच उजळली. मग त्यांनी 'धन्यवाद' असे लिहिले, थोडा वेळ त्याकडे पाहिले आणि पुसून टाकले.

"काय झालं?" यजमानांनी विचारले.

"आभार कसले मानायचे? चुकाच तर काढल्यात."

"अगं, मी दिवसभर दुसरं काय करतो? शिकाऊ माणसाला नुसतं 'छान छान' म्हणत बसलो तर दोघंही झाडावर जाऊ."

ताई हसल्या, पण उत्तर गेले नाही. पुढे हे असेच चालत राहिले. ताईंची कथा यायची, जुना चष्मा ती बारकाईने वाचायचा, लिहायचा. ताई त्यातले जे पटेल ते गुपचूप उचलायच्या, आणि आभार मात्र फुले पाठवणाऱ्यांचे मानायच्या. इतरांच्या कथांखाली त्यांनाही लिहावे लागे. कामावरून दमून आलेल्या असायच्या. वरच्या चार ओळींवरून नजर फिरवायच्या आणि 'छान जमली आहे' असे लिहून मोकळ्या व्हायच्या. फार वाईट हेतू होता असे नाही. सगळेच तसे करत होते.

मग ताईंनी लिफ्टमनची कथा लिहिली. एक माणूस हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये जन्मभर बसून लोकांना वर-खाली नेतो. त्याच्या निवृत्तीच्या दिवशी डॉक्टर, नर्स, पेशंट, सगळे लिफ्टपुढे जमतात आणि रडतात. हा भाग लिहिताना ताईंची बोटे जड झाली होती. त्याचे कारण मला माहीत होते, मित्रांनो; ताईंचे वडीलच लिफ्टमन होते.

कट्ट्यावर फुलांचा पाऊस पडला. जुन्या चष्म्याने मात्र लिहिले, 'सगळी कथा मनात बसली. पण शेवट खरा वाटत नाही. त्या दिवशी कुणाच्या लक्षातही येणार नाही की हा माणूस उद्यापासून नाही. लोक नेहमीसारखे मजल्याचा आकडा सांगतील आणि उतरून जातील. तसं झालं तर मला जास्त वाईट वाटेल.'

ताई ताडकन उठल्या.

"कोण हा टिकोजीराव? ह्याला काय माहीत?"

"काय लिहिलंय?" यजमानांनी वाचले आणि ते हळूच म्हणाले, "बाबांचं तसंच झालं होतं ना गं?"

"म्हणून तर मी तसं लिहिलं नाही!" ताई ओरडल्या. निवृत्तीच्या दिवशी वडील नेहमीच्या वेळी घरी आले होते, टोपी खुंटीला लावली होती आणि कुणी काही म्हणाले का, यावर "लोकांना कामं असतात" एवढेच बोलले होते. निदान कथेत तरी चार माणसांनी रडावे, एवढीच ताईंची इच्छा होती. आणि एका अनोळखी माणसाने नेमके तिथेच बोट ठेवले होते.

तो राग मनात तसाच राहिला. थोड्या दिवसांनी कट्ट्यावर एक नवी कथा आली. लिहिणारा होता जुना चष्मा. त्याने आजवर स्वतःचे काहीच लिहिले नव्हते. वर एक ओळ होती, 'लिहिण्याचा पहिलाच प्रयत्न आहे. सावली यांनी वाचून मोकळेपणाने सांगितलं तर बरं वाटेल.'

ताईंनी वाचायला घेतली. दोन बहिणींची कथा होती. आईच्या आजारपणात कुणी काय केले नाही यावरून त्यांचे बोलणे तुटलेले असते. एक दिवस धाकटी हातात पिशवी घेऊन थोरलीचा जिना चढते, दारापुढे उभी राहते, पदराने कपाळ पुसते आणि बेल वाजवते. ताई इथपर्यंत आल्या. पुढे अजून तेवढीच कथा होती. पण ताईंना दोन ठिकाणी शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या होत्या आणि वाक्येही कुठे कुठे अडखळत होती. राग असला की एवढे पुरते. त्यांनी मला पुढे ओढले आणि लिहिले, 'दुसऱ्याच्या भातातले खडे काढणं सोपं असतं. स्वतः शिजवायला बसलं की कळतं. ही कथा कच्चीच राहिली आहे.'

माझ्या अंगात शंभरेक कळा आहेत, मित्रांनो, पण कळ म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी कळले. ताईंनी वाक्य पाठवले. खाली लगेच अंगठे उभे राहिले. कुणी तरी लिहिले, 'चष्म्याचा नंबर तपासून घ्या!' त्यावर आणखी लोक हसले.

दुसऱ्या दिवशी जुन्या चष्म्याचे उत्तर आले होते. 'खरं आहे. वाचल्याबद्दल आभार.' त्याच्या वर कथा नव्हती. त्याने ती काढून टाकली होती.

त्यानंतर ताईंच्या कथांखाली लांब अभिप्राय आला नाही. फुले येत राहिली. ताई कथा टाकायच्या आणि पान पुन्हा पुन्हा उघडून बघायच्या. "आज कुणाची वाट बघतेस?" असे यजमानांनी विचारले तर "कुणाची नाही" म्हणायच्या.

काही महिन्यांनी एका प्रकाशकाने कट्ट्यावरच्या कथांचे पुस्तक काढायचे ठरवले. लिफ्टमनची कथा निवडली गेली. "एकदा शेवटची नजर फिरवून पाठवा," असे त्यांनी कळवले. ताई कथा उघडून बसल्या. रडणाऱ्या माणसांचा सगळा भाग त्यांनी पुसला. मग त्यांनी नवा शेवट लिहिला. लोक येतात, "तिसरा" म्हणतात, "पाचवा" म्हणतात, उतरून जातात. लिफ्टमन शेवटी दिवा मालवतो आणि जिन्याने खाली येतो. लिहिता लिहिता ताईंच्या डोळ्यांतले पाणी माझ्यावर पडले. वडिलांसाठी त्या पहिल्यांदा रडत होत्या.

पुस्तक आले. सगळ्यांनी त्या शेवटाचे कौतुक केले. समारंभात ताईंनी भाषण केले, प्रकाशकांचे, कट्ट्याचे, यजमानांचेही आभार मानले. घरी आल्यावर चपला काढता काढता यजमान म्हणाले, "भाषण झकास झालं. पण ज्याने शेवट सुचवला, त्याचं नाव राहिलं की."

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या आल्या ताईंनी जुन्या चष्म्याला खासगी निरोप लिहिला. कितीदा लिहिला आणि कितीदा पुसला, ते मलाच ठाऊक. शेवटी उरले एवढेच, 'मला तुमच्याशी बोलायचं आहे. मी चुकले.'

उत्तर लवकर आले नाही. ताईंनी आशा सोडली होती, तेव्हा एक फोन नंबर आला आणि सोबत एक ओळ, 'दुपारी दवाखान्यात गर्दी नसते.' रविवारी दुपारी ताईंनी माझ्यापुढे बसूनच फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला, म्हणून मला सगळे ऐकता आले.

"हॅलो, मी सावली. कट्ट्यावरची."

"बोला ना," पलीकडून एका बाईचा आवाज आला.

ताई गोंधळल्या. "तुम्ही... मी इतके दिवस तुम्हाला कुणीतरी काका समजत होते!"

"चष्मा काय, कुणाच्याही नाकावर बसतो," त्या बाई हसल्या. "मी दातांची डॉक्टर आहे. पेशंट आला तर मात्र मधेच ठेवावा लागेल हं."

"मी तुमच्याशी फार वाईट वागले."

"जाऊ द्या हो."

"जाऊ कसं देऊ? तुम्ही माझी ओळ न् ओळ वाचलीत. पुस्तकातला शेवटसुद्धा तुमचाच आहे."

"छे, तो तुमचाच. मी फक्त दुखतंय कुठे ते सांगितलं." मग त्या म्हणाल्या, "एक बोलू? आभाराचं मला काही नव्हतं. पण पोचलं एवढं तरी कळवायचं होतंत. दर वेळी लिहून झालं की मी बघायचे. वाटायचं, फार बोलले का? दुखावलं का यांना? मग पुढच्या वेळी आणखी जपून लिहायचे."

ताईंचा हात माझ्यावर नुसताच पडून होता. मग त्या म्हणाल्या, "तुमची ती कथा परत टाका. या वेळी मी नीट वाचीन. मनापासून लिहीन."

"ती नाहीये आता. तिथल्या चौकटीतच सरळ लिहिली होती. काढली तशी गेली."

"कच्ची प्रत?"

"नाही ठेवली. एकदाच धीर झाला होता."

"मग पुन्हा लिहा ना."

"बसून पाहिलं. नाही येत."

ताईंनी डोळे मिटले. "मला तुम्हाला खरं सांगायचंय. मी ती पूर्ण वाचलीच नव्हती. धाकटी बेल वाजवते, तिथपर्यंतच वाचली आणि लिहून टाकलं. पुढे काय झालं? थोरलीने दार उघडलं का?"

पलीकडे पंख्याची घरघर ऐकू येत होती.

"कथेत उघडलं होतं," त्या म्हणाल्या. मग लगेच, "पेशंट आला वाटतं. ठेवते हं," आणि फोन बंद झाला.

यजमान आत आले. "काय म्हणाले मग काका?" ताईंनी मान हलवली आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्या दिवशी चहा तसाच निवला.

पुढे ताईंनी कट्ट्यावर आपल्या कथेखाली सगळे उघडपणे लिहिले, शेवट कुणी सुचवला तेही, आणि न वाचता टोमणा मारल्याचेही. लोकांनी त्यावरही अंगठे दाखवले. डॉक्टरबाई मात्र कट्ट्यावर परत आल्या नाहीत. ताईंनी दोनदा फोन केला. त्या गोड बोलल्या, तब्येतीची चौकशी केली. लिहिण्याचा विषय निघाला की त्यांना पेशंट येई.

त्यानंतर ताई कमी कथा वाचू लागल्या, पण वाचायला घेतली की तळापर्यंत वाचायच्या. आधी काय भिडले ते सांगायच्या, मग कुठे अडखळल्या ते, आणि तेही हळू हाताने. कुणी त्यांच्या चुका दाखवल्या तर त्याच दिवशी उत्तर द्यायच्या, 'पोचलं. विचार करते.' पुढे घरात लॅपटॉप आला आणि मी कपाटावर गेलो. त्याचे मला काही नाही. वस्तूचे दिवस भरतात.

पण मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी लिहीत असेल, वाचत असेल, तर या म्हाताऱ्याचे एवढे ऐका. दुसऱ्याचे लिहिणे हाती घेतले तर शेवटपर्यंत वाचा आणि मगच बोला. कुणी तुमच्यासाठी आपले डोळे झिजवले तर पटो न पटो, त्याला पोचले म्हणून सांगा. आणि हे वेळेवर करा. ताई चांगल्या होत्या, त्यांना चूकही कळली, त्यांनी माफीही मागितली. पण दोन बहिणींची ती कथा आता या जगात कुठेही नाही.