निळा कोट कोणाच्या टोपलीत?

बिट्टीची मावशी सोफ्यांची कव्हरं शिवायची आणि तिच्या पिशवीत कायम एक सुतळी असायची. सुतळीला गाठी मारलेल्या, आणि प्रत्येक गाठीत रंगीत दोऱ्याचा एकेक तुकडा. लाल दोरा बिट्टीचा, पिवळा बिट्टीच्या आईचा, काळा मावशीच्या नवऱ्याचा. टोकापासून पहिल्या लाल गाठीपर्यंत बिट्टीचे खांदे आणि दुसऱ्या लाल गाठीपर्यंत तिची बाही. बाकीच्या गाठी वर्षानुवर्षं जागच्या जागी होत्या, पण लाल गाठी सारख्या सोडून पुढे सरकवाव्या लागत.

"मोजपट्टी का नाही ठेवत गं तू?" बिट्टीने एकदा विचारलं होतं.

"मोजपट्टी आकडे सांगते, आणि आकडे मी विसरते. गाठ कुठे विसरतेय?"

त्या दिवशी दुपारी मावशीने सुतळी बिट्टीच्या हाताला लावली आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. "वाढता वाढता वाढे! गेल्या वर्षीच्या कोटाच्या बाह्या आता कोपरापर्यंत येत असतील तुझ्या."

येतच होत्या, आणि तीच तर पंचाईत होती. दुसऱ्या दिवशी बिट्टीचा वर्ग टेकडीवरच्या वेधशाळेत जाणार होता. रात्री गच्चीवर मोठी दुर्बीण लावून शनी दाखवणार होते, कड्यांसकट. पण विज्ञानाच्या बाईंनी बजावलं होतं, "वर बोचरं वारं असतं. ज्याच्याकडे जाड, टोपीचा कोट नसेल त्याने खालच्या खोलीत बसून चित्रं पाहायची." बिट्टीने शनीची चित्रं इतकी पाहिली होती की आता ती डोळे मिटून शनी काढू शकत होती. तिला खरा शनी बघायचा होता. नव्या कोटाचं या महिन्यात जमणार नाही, असं आईने आधीच सांगितलं होतं आणि पुढे म्हटलं होतं, "मावशीबरोबर जा. ती तुला जुन्या वस्तूंच्या दुकानात नेईल. तिच्यासारखा पारखी दुसरा नाही."

म्हणून दोघी पोटभर जेवून निघाल्या. पोटभर जेवणं हासुद्धा मावशीचाच नियम. "उपाशी माणूस भलतंच काहीतरी उचलून आणतो," ती म्हणायची.

दुकान म्हणजे पूर्वीचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. जमिनीवर तेलाचे जुने डाग अजून दिसत होते. आत शिरण्याआधी बिट्टीने हळूच रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं. वर्गातलं कुणी दिसत नव्हतं.

"काय गं, चोरी करायला आलोय का आपण?" मावशी म्हणाली.

"नाही, सहज बघत होते."

"सहज बघायचं ते आत. चल."

आत कपड्यांच्या लांबच लांब रांगा टांगलेल्या, पलीकडे दिवे, खुर्च्या, बश्या, आणि दाराशी वेताच्या टोपल्यांची चळत. गल्ल्यामागच्या भिंतीवर दुकानवाल्या काकांनी ठळक अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'टोपलीत गेलं ते टोपलीवाल्याचं. भांडू नये.'

"आता नीट ऐक," मावशी म्हणाली. तिला शिकवायला मिळालं की तिचा चेहरा असा खुलायचा, जणू कोणी तिलाच बक्षीस दिलंय. "आधी हाताने बघायचं, मग डोळ्यांनी. रांगेवरून नुसता हात फिरव. पातळ, खरखरीत, चिकट, सगळं सोडून दे. हात जिथे थांबेल तिथे आपण थांबायचं. आणि मुलींच्या रांगेत नाही मिळालं तर मुलांच्या रांगेत बघ, मोठ्यांच्या रांगेत बघ. कपडे चुकतात गं, माणसांसारखेच."

"आणि मिळाला की?"

"मिळाला की आतून बाहेर करायचा. बाहेरून सगळेच राजे. शिवण ओढून बघ, चेन वरखाली करून बघ. बटण बदलता येतं, चेन बदलताना जीव जातो. मग काखेत नाक खुपस."

"शी!"

"शी काय त्यात? डाग निघतो, वास निघत नाही. आणि दोन गोष्टी कायम लक्षात ठेव. ठरेपर्यंत हातातली वस्तू खाली ठेवायची नाही. आणि आपली स्वतःची वस्तू इथे कुठेही टांगायची नाही."

तेवढ्यात एक मनुष्य टेबलावरचा दिवा उचलून मावशीला म्हणाला, "छान आहे, नाही?"

"दिसायला छान आहे," मावशी म्हणाली, "पण आत येता येता मीच तो उचलून परत ठेवला. वायर आतून करपलीय."

माणसाने दिवा चटका बसल्यासारखा खाली ठेवला. तो गेल्यावर बिट्टी कुजबुजली, "तुला काय करायचं होतं? घेतला असता त्याने."

"घेतला असता आणि घरी जाऊन हात भाजून घेतला असता. इथे वस्तूची माहिती कुठे लिहिलेली नसते, बिट्टे. आपणच एकमेकांना खरं सांगायचं. एवढ्यावरच चालतं हे दुकान."

बिट्टी हात फिरवत निघाली. मुलींच्या रांगेत तीन कोट होते, तिन्हींना टोपी नव्हती. मोठ्यांच्या रांगेतल्या एका कोटात तिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या. मग मुलांच्या रांगेत, दोन पँटींच्या मध्ये, तिचा हात थांबला. गडद निळा, जाड, आणि मागे टोपी लोंबतेय! बिट्टीने तो आतून बाहेर केला. शिवण ओढली. चेन वरखाली केली, ती लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. मग इकडेतिकडे बघून तिने काखेत नाक खुपसलं. साबणाचा वास आला. आता फक्त सुतळी लावायची राहिली होती, आणि सुतळी मावशीच्या पिशवीत होती.

"मावशी!" तिने हाक मारली.

"आले आले!" आवाज पडद्याआडून आला. मावशी कपडे घालून बघायच्या कोपऱ्यात होती. तिला जांभळ्या मखमलीचं एक जाकीट दिसलं होतं. त्या जाकिटाची तिला काडीची गरज नव्हती, पण मखमलीपुढे मावशीचं काही चालत नसे. ते घालून बघण्यासाठी तिने आपला तपकिरी कोट काढला होता आणि, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, जवळच्याच रांगेत टांगला होता.

बिट्टीला तो कोट दिसला, पण रांगेत नव्हे. एका जाडजूड आजोबांच्या हातावरून तो गल्ल्याकडे चालला होता.

बिट्टीने क्षणभरही विचार केला नाही. निळा कोट समोरच्या दांडीवर टाकला आणि ती धावली. ती पोचेपर्यंत आजोबा गल्ल्यावर घासाघीस करत होते.

"यावर किंमतच नाही लावलेली. आणि खिसा बघा, हिरव्या दोऱ्याने शिवलाय. तपकिरी कोटाला हिरवा दोरा! कोणी आंधळ्याने शिवलाय की काय? जरा स्वस्तात लावा."

"अहो आजोबा, तो विकायचा नाहीये!" बिट्टीला धाप लागली होती. "तो माझ्या मावशीचा आहे! दुसऱ्या खिशात तिचा रुमाल आहे बघा, त्यालाही हिरवीच किनार आहे."

दुकानवाल्या काकांनी खिशात हात घातला. हिरव्या किनारीचा रुमाल बाहेर आला आणि त्याच्यामागून जांभळं जाकीट घातलेली मावशीही पडद्याबाहेर आली.

"आंधळ्याने नाही, मीच शिवलाय तो," मावशी म्हणाली. "तपकिरी दोरा संपला होता त्या दिवशी."

आजोबांनी कोट परत दिला, पण देताना एकदा अस्तर चाचपून घेतलं. "शिवण मात्र पक्की आहे हो," ते म्हणाले. मावशीचा राग तिथेच विरघळला.

बिट्टी हसत हसत मुलांच्या रांगेकडे परतली. दांडी रिकामी होती.

निळा कोट एका टोपलीत होता. टोपली एका बाईंच्या हातात होती. बाईंच्या दुसऱ्या हातात लाल छत्री होती आणि त्या स्वतःशीच गुणगुणत होत्या. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागू नये, असं आई म्हणायची, आणि बिट्टीने नेमकं तेच केलं होतं. पळतं कोण होतं, तर मावशीचा कोट!

मावशी आली. तिने रिकामी दांडी पाहिली, टोपली पाहिली, बिट्टीचा चेहरा पाहिला, आणि जांभळं जाकीट काढून जागच्या जागी ठेवून दिलं.

"मी बोलते त्यांच्याशी," ती हळूच म्हणाली.

"नको. टोपलीत गेलं ते टोपलीवाल्याचं."

तेवढ्यात छत्रीवाल्या बाईच त्यांच्याकडे वळल्या. "अगं बाळ, एक काम करशील? माझी भाची तुझ्याएवढीच आहे. जरा हा कोट घालून दाखव ना, मला अंदाज येईल."

बिट्टीने मावशीकडे पाहिलं. मावशी छताकडे बघत होती. बिट्टीने कोट घातला. कोट उबदार होता, आतून मऊ होता आणि बाह्या बरोबर मनगटावर थांबत होत्या. सुतळीची गरजच नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिने टोपी डोक्यावर घेतली, आणि तिला वाटलं, आपण आत्ताच गच्चीवर उभ्या आहोत.

मग तिने खांदे जरासे वर उचलले. अगदी जरासेच. बाह्या वर सरकल्या.

"आखूड होतोय का गं?" बाईंनी मान तिरकी केली. "काखेतही ओढल्यासारखा वाटतोय. मग राहू दे बाई, आमची तर आणखी वाढेल."

त्यांनी हात पुढे केला. आता कोट दांडीवर परत जाणार होता, आणि दांडीवरून थेट बिट्टीच्या टोपलीत. मावशी अजून छताकडेच बघत होती. त्या छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

बिट्टीने खांदे खाली सोडले.

"आखूड नाहीये," ती म्हणाली. "मी खांदे वर केले होते."

"अगंबाई! का?"

"मला हवा होता म्हणून."

बाई इतक्या मोठ्याने हसल्या की गल्ल्यावरून काकांनी मान वर केली. "खरं बोललीस हे बरं केलंस. पण बाळ, मला पण हवाय गं. चांगला कोट आहे आणि भाचीला अचानक नेऊन द्यायचाय." आणि त्यांनी कोट घडी घालून पुन्हा टोपलीत ठेवला.

एवढं खरं बोलून काय मिळालं? बिट्टीला रडू यायला लागलं. पण बाई गल्ल्याकडे निघाल्या तशी ती त्यांच्यामागे गेली. एक गोष्ट विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"काकू, तुमच्या भाचीचं माप घेतलंय का तुम्ही?"

"माप कशाला? तुझ्याएवढीच आहे म्हटलं ना."

"कधी पाहिलं होतं तिला?"

बाई थांबल्या. "गेल्या... नाही, त्याच्या आधीच्या सुट्टीत."

"मग नक्कीच वाढली असेल. मीच केवढी वाढले बघा ना. मावशी म्हणते, अंदाजाने घेतलेला कपडा कपाटातच म्हातारा होतो."

आता मावशीने छत सोडलं. "फोन करून विचारा ना, ताई. फक्त बाहीचं माप. खांद्यापासून मनगटापर्यंत. भाचीला कळू देऊ नका म्हणजे झालं."

बाईंनी बहिणीला फोन लावला. मावशीने सवयीने सुतळी बाहेर काढली आणि मग तिच्या लक्षात आलं, की फोनवरून सुतळी दिसत नाही. शेवटी आकड्यांना शरण जाऊन तिने काकांची मोजपट्टी मागून घेतली आणि कोटाच्या बाहीला लावली. फोनमधून बहिणीचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. आधी तिने आकडा सांगितला, बाहीपेक्षा चांगला चार बोटं जास्त. मग म्हणाली, "अगं, ती माझ्या खांद्याला लागलीय आता! तू येतेसच कुठे हल्ली? फोटो बघून अंदाज बांधतेस, झालं!"

बाईंनी फोन ठेवला.

"माझ्या डोक्यात ती एवढीशीच आहे," त्या म्हणाल्या आणि छत्रीच्या मुठीपाशी हात धरून दाखवला. मग टोपलीतून निळा कोट काढून त्यांनी बिट्टीच्या हातात दिला. "घे. आणि आता खांदे कसेही कर."

बिट्टीने कोट दोन्ही हातांनी असा घट्ट धरला, की मावशीला हसू आवरेना. "अगं, पैसे देण्यापुरता तरी सोड!"

काका हिशेब करेपर्यंत बाई मावशीच्या सुतळीकडे निरखून बघत होत्या. "या रंगीत गाठी कसल्या हो?" त्यांनी विचारलं. झालं! मावशीचा चेहरा पुन्हा खुलला. तिने सुतळीचा एक लांब तुकडा तोडला, मोजपट्टीवर ताणला, बहिणीने सांगितलेल्या मापावर गाठ मारली आणि गाठीत हिरवा दोरा ओवला.

"हिरवाच आहे का?" बाईंनी विचारलं.

"सध्या तोच शिल्लक आहे," मावशी म्हणाली. "आणि ही गाठ पक्की मारलेली नाही बरं का. भेटाल तेव्हा सोडून पुढे सरकवायची. त्यासाठी भेटावं मात्र लागतं."

"या सुट्टीत जातेच," बाई म्हणाल्या आणि सुतळी जपून पर्समध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी रात्री टेकडीवर खरंच बोचरं वारं होतं. गच्चीवर रांग लावून उभं राहिल्यावर बिट्टीच्या पुढच्या मुलीने मागे वळून तिच्या कोटाची बाही चिमटीत धरली.

"नवा घेतलास?"

"जुन्या वस्तूंच्या दुकानातून," बिट्टी म्हणाली आणि वाऱ्याची पर्वा न करता चेन उघडून तिला आतली बाजू दाखवली. "ही शिवण बघ. ओढ, ओढून बघ. तुला दुकान दाखवू का? पण भरल्या पोटी जायचं हं."

मग तिचा नंबर आला. बिट्टीने टोपी सारखी केली आणि दुर्बिणीला डोळा लावला. ती इतका वेळ हलली नाही, की मागची मुलं कुरकुरायला लागली.

"दिसला ना?" विज्ञानाच्या बाईंनी विचारलं. "कसा आहे शनी?"

बिट्टीने डोळा न काढताच उत्तर दिलं, "जुना आहे, पण किनार शाबूत आहे."