सहावी खुर्ची

श्यामलाबाईंना जुन्या खुर्च्यांचं काडीचंही कौतुक नव्हतं. लोकांनी वैतागून घराबाहेर काढलेलं लाकूड पॉलिश मारून, वर पैसे मोजून आपल्या घरात आणायचं, याला त्यांच्या मते व्हिंटेज नव्हे, डोकं फिरणं म्हणतात. तरीही रविवारी सकाळी सून अपेक्षा खुर्च्या बघायला निघाली, तेव्हा त्या इस्त्रीची साडी नेसून, पर्स काखेत मारून तिच्याआधी लिफ्टपाशी उभ्या होत्या.

"तुम्ही कशाला त्रास घेता, आई? तिथे धूळ असते."

"आणि कर्वेनगरात काय गुलाबपाणी शिंपडतात?"

लिफ्ट खाली जाईपर्यंत दोघी दोन भिंतींकडे बघत होत्या.

त्रास घ्यायला कारण होतं. श्यामलाबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले, आणि हृदय नाजूक म्हणून डॉक्टर ऑपरेशनला तयार नव्हते. बसणं जमायचं. उठताना मात्र दोन्ही बाजूंना रेटा द्यायला काहीतरी लागायचं. जेवायचं टेबल एकखांबी, वर काच. त्याला रेटलं की आमटी हेलकावे खायची. म्हणून त्या टेबलाशी प्लास्टिकची हातांची खुर्ची घेऊन बसत, आणि ती खुर्ची अपेक्षाच्या डोळ्यांत सलत होती. फोटोत येते, म्हणे. जुन्या सागवानी खुर्च्या आल्या की ती वॉचमनला द्यायची असं परस्पर ठरलंही होतं. त्यातच मागच्या आठवड्यात पलंगावर ओढून घ्यायचं एक चाकांचं टेबल घरात आलं. "आईंच्या सोयीसाठी." ही सोय कसली ते श्यामलाबाईंना बरोबर कळलं. हातांची खुर्ची आली नाही तर यापुढे आपलं ताट आपल्या खोलीत येणार, आणि त्या ताटाबरोबर कोणी माणूस येणार नाही.

टेलिफोन खात्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. तिथे कारकुनाला बिनहातांची खुर्ची आणि सुपरवायझरला हातांची. ती मिळवायला अर्धी नोकरी आणि तीन साहेबांशी भांडण खर्ची पडलं होतं. आता सुनेसमोर ते सगळं पहिल्यापासून करायचं, या विचाराने रिक्षातच त्यांचं डोकं तापलं.

स्वारगेटमागच्या गल्लीतलं रज्जाकभाईंचं दुकान म्हणजे खुर्च्यांचा नुसता ढीग. वेताच्या आरामखुर्च्या, हॉटेलातल्या वाकवलेल्या लाकडाच्या, शाळेतल्या, कचेरीतल्या, एकीवर एक पालथ्या घातलेल्या. अपेक्षा त्यांच्यामधून मोबाइल पुढे धरून फिरत होती. एकाही खुर्चीत ती बसली नाही. फोटो काढायची, लांब धरून बघायची, पुढे जायची. श्यामलाबाईंना ते बघवेना. खुर्ची काय भिंतीवर लावायची असते?

शेवटी तिला हवा तो सेट सापडला. सहा खुर्च्या, जुना साग, बसायला वेत, पाठीला बारीक कोरीव पट्टी. पाच बिनहातांच्या आणि एक हातांची.

"कॅम्पातल्या बंगल्यातला सेट आहे," रज्जाकभाई चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. "हातांची ती घरमालकाची. जेवणाच्या टेबलाला अशी एक असायचीच."

"मला पाचच द्या," अपेक्षा म्हणाली. "हातांची टेबलाखाली जात नाही. बाहेर येते. लूक जातो."

"सेट फोडणार नाही, ताई. उरलेली एक कुणाच्या गळ्यात मारू?"

एवढ्यात श्यामलाबाई त्या खुर्चीत जाऊन बसल्या. हातांवर तळवे टेकले, रेटा दिला आणि एका दमात उभ्या राहिल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच असं न डगमगता उठता आलं, म्हणून त्यांना भर दुकानात हसू फुटलं.

"ही माझी," त्या म्हणाल्या.

"सेटमध्ये 'माझी' असं काही नसतं, आई."

"मग सगळ्यांची. मीही घरातच धरली जाते ना अजून?"

अपेक्षाने नवऱ्याला फोन लावला. शंभूने नेहमीचं उत्तर दिलं, तुम्ही दोघी ठरवा. लग्न झाल्यापासून एवढं एक वाक्य त्याने तोंडपाठ केलं होतं. रज्जाकभाई हटले नाहीत, अपेक्षाला दुसरा सेट पसंत पडेना, आणि शेवटी सहाच्या सहा खुर्च्या ठरल्या. पॉलिश आणि वेत नवा करून टेम्पोने घरी येणार होत्या. येताना रिक्षात श्यामलाबाईंनी सुनेला उसाचा रस हवा का म्हणून विचारलं. जिंकलेल्या माणसाला असा उदारपणा परवडतो. अपेक्षा नको म्हणाली.

खुर्च्या आल्या तेव्हा श्यामलाबाई दारातच होत्या. टेम्पोवाल्याने एकेक वर आणून ठेवली. पाच बिनहातांच्या झाल्या. सहावी आली, तीही बिनहातांची. बाजूंना जिथे हात होते तिथे भोकं बुजवून वर पॉलिश फिरवलेलं होतं.

"आणि हे रज्जाकभाईंनी दिलंय," टेम्पोवाला म्हणाला आणि गोणपाटात बांधलेलं एक लांबट गाठोडं त्यांच्यापुढे ठेवून निघून गेला.

"वाळवी होती हातांना," अपेक्षा मागून घाईघाईने म्हणाली. "काढावेच लागले."

श्यामलाबाईंनी सुतळी सोडली. आत खुर्चीचे दोन्ही हात. साग कसा घट्ट, पॉलिश कसं ताजं, एक भोक नाही. आधी पॉलिश झालं आणि मागाहून निरोप गेला, हे सांगायला कोणी लागत नव्हतं.

"वाळवीला पॉलिश मारून पाठवलं का गं त्यांनी?"

अपेक्षा लाल झाली. मग तिचा बांध फुटला. "हो, मीच सांगितलं काढायला! पैसे दिल्यावर करतात लोक. त्या टोकाला साहेबासारखं बसून तुम्ही रोज माझ्या स्वयंपाकाला मार्क देता. आमटी पातळ, भात गिच्च, पोळीला पदर नाही. लग्न झाल्यापासून एक घास मी स्वस्थपणे गिळलेला नाही. मला माझ्या टेबलावर दोन घटका शांतता हवीय!"

"पातळ असते म्हणून पातळ म्हणते."

"मग खोलीत बसून म्हणा."

शंभू आतून बाहेर आला, दोघींकडे बघितलं आणि कुणाचा तरी फोन आल्यासारखं करून बाल्कनीत गेला. श्यामलाबाईंनी गाठोडं उचललं आणि आपल्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवून दिलं. सुनेचं बोलणं त्यांना लागलं होतं. त्यात थोडं खरं होतं म्हणून जास्तच लागलं. पण खरं बोलली म्हणून तिला माफ करावं, इतक्या त्या थोर नव्हत्या.

प्लास्टिकची खुर्ची त्याच संध्याकाळी वॉचमनकडे गेली आणि ताट खोलीत येऊ लागलं. चाकांचं टेबल गुळगुळीत सरकायचं. समोर भिंत. बाहेरून चमच्यांचे आवाज, मधूनच अपेक्षाचं हसणं. एकदा आमटी खरोखर चांगली झाली होती आणि ते सांगायला समोर कोणी नव्हतं. श्यामलाबाईंना रडू आलं. रडू आलं याचा राग आला, आणि त्या रागातच त्यांनी ठरवलं की आता पुरे.

पुढच्या रविवारी अपेक्षाच्या ऑफिसातली निकिता नवऱ्याला घेऊन जेवायला आली. खुर्च्यांचे फोटो झाले, कौतुक झालं. पानं वाढली आणि श्यामलाबाई खोलीतून बाहेर आल्या. चांगली साडी, केसात गजरा. सहावी खुर्ची ओढून त्या सरळ टोकाला बसल्या.

"आई, तुमचं ताट आत ठेवलंय," अपेक्षा दात आवळून म्हणाली.

"असू दे गं. पाहुणे आलेत, त्यांना काय वाटेल?"

त्या चवीने जेवल्या. आमटीला एक शब्द बोलल्या नाहीत. वरण-भात झाला, ताक-भात झाला, सगळे हात धुऊन सोफ्यावर गेले. श्यामलाबाई खरकट्या हाताने बसूनच होत्या.

"अपेक्षा," त्यांनी हाक मारली, "उठव गं मला."

शंभू धडपडत पुढे आला. "थांब, मी—"

"तू लांब हो. तुझी कंबर धरते. ती जिमला जाते."

निकिता बघत होती. अपेक्षाला यावंच लागलं. ती वाकली, सासूच्या काखेत हात घातले. दोघी इतक्या जवळ कधीच आल्या नव्हत्या. श्यामलाबाईंनी सुनेच्या पांढऱ्या लिननच्या बाहीवर खरकटा हात घट्ट रोवला आणि अंग सैल सोडलं. खरं तर पायांत थोडा जोर होता. तो त्यांनी मुळीच लावला नाही. दोनदा अर्ध्या उठून पुन्हा खाली आल्या, तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या. बाहीवर पाच बोटं पिवळीधमक उठली होती.

"किती गोड," निकिता म्हणाली. "हल्ली कोण करतं एवढं?"

"आमची करते," श्यामलाबाई म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या दोन्ही वेळा टेबलावरच जेवू लागल्या. स्वयंपाकाला नाव ठेवणं बंद केलं. त्याची आता गरज नव्हती. अपेक्षा घरून चाललेली ऑफिसची मीटिंग सोडून उठवायला येई, ओठ घट्ट मिटून. तिच्या कपाळावर घाम येई. एकदा तर तिने पाठीला पट्टा बांधलेला श्यामलाबाईंनी पाहिला, आणि मनात कुठेतरी कळवळल्या. नाही असं नाही.

शेवटी एका रात्री जेवण संपल्यावर अपेक्षा त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"आई, ते हात आहेत ना तुमच्याकडे? मी उद्या रज्जाकभाईंना बोलावते. परत बसवून घेऊ."

हेच ऐकायला श्यामलाबाई दुकानापासून झगडत होत्या. त्यांनी सहा खुर्च्यांवरून सावकाश नजर फिरवली. मग खरकटा हात वर केला.

"नको," त्या म्हणाल्या. "लूक जाईल. उठव."