दुमडीतला धागा

मी एक जुने इंग्रजी क्रियापद आहे, मित्रांनो. नाव मेंड. फाटलेले सांधायचे, विरलेले तुणायचे, मोडलेले पुन्हा कामाजोगे करायचे, एवढाच माझा अर्थ. माझे पूर्वज लॅटिन भाषेतले. त्यांच्या नावाचा अर्थ दोष काढून टाकणे. पुढे ते फ्रेंचांच्या घरी नांदले, आणि इंग्रजांचा उंबरठा ओलांडताना त्यांचे पहिले अक्षर गळून पडले. उरले ते मी.

इंग्रज माणूस मला मोज्याला लावतो, मासेमाराच्या जाळ्याला लावतो, कुंपणाला लावतो. मोडलेले हाड जुळून येते, तिथेही मीच. वाया गेलेला माणूस वळणावर आला तरी मलाच बोलावतात. पण ते काम क्वचितच निघते.

यंत्रे वाढली तशी माझी बरीच कामे रिपेअर या शब्दाने नेली. माझ्याकडे सुईदोरा राहिला. तेव्हा मी एका अरुंद गल्लीत, धुलाईच्या दुकानाला लागून, पत्र्याच्या पाटीवर 'मेंडिंग' होऊन राहू लागले. पाटीखाली रफूवाले काका बसत. शेजारी काकू सुया ओवून देत. "ओवायचं मी आणि नाव यांचं," असे त्या येईल त्याला ऐकवीत.

काकांची एक रीत होती. बाहेरचा धागा वापरायचा नाही. कपड्याच्या आतल्या दुमडीतून त्याचाच धागा उसवायचा आणि त्यानेच भोक विणून भरायचे. काम झाले की कापड उजेडात धरून ते गिऱ्हाइकाला म्हणत, "शोधा." गिऱ्हाईक शोधून शोधून दमे. मित्रांनो, माझे खरे कौतुक ते होते.

मग कपडे स्वस्त झाले. फाटले की लोक नवे आणू लागले. माझ्या अक्षरांचा रंग उडाला, काकांच्या डोळ्यांत पडदा आला, आणि काकू दिवसभर नुसत्याच सुया ओवून ठेवू लागल्या.

अशा दिवसांत एक बाई कोट घेऊन आली. कोट तिच्या गेलेल्या नवऱ्याचा. कोपराला कसरीने खाल्लेला.

"काका, मुलगा परवा परगावी कामाला निघालाय. बाबांचाच कोट घालून जाणार म्हणतो. भोक पाहून त्याचा जीव नुसता कासावीस झालाय."

"ठेवा, वहिनी. हा कोट माझ्या ओळखीचा आहे. याची दुमड चांगली रुंद आहे."

काकांनी कोट उलटा केला. बोटे काठावरून फिरली आणि थांबली. दुमड नव्हतीच.

"हे कुणी कापलं?"

"मुलगा जरा बुटका आहे. शिंप्याकडून आखूड करून घेतला. बाह्यासुद्धा."

"आणि कापलेल्या पट्ट्या?"

"चिंध्या होत्या त्या. टाकल्या."

काकांनी कापलेल्या काठावरून पुन्हा बोट फिरवले. काकूच म्हणाल्या, "अगं, औषधाची बाटलीच फेकलीस की."

बाईचे डोळे भरले. मग काकांनी आयुष्यात न केलेले काम केले. डबा उपसून, जवळचा रंग पाहून, परका धागा घेतला. टाके नेहमीसारखेच बारीक घातले. दुसऱ्या दिवशी बाई आली तेव्हा त्यांनी कोट उजेडात धरला, पण "शोधा" म्हणाले नाहीत.

बाईचा अंगठा सरळ त्या जागेवर गेला.

"छान झालंय, काका," ती म्हणाली, आणि घडी घालताना तिने ते कोपर आत दडपले.

ती वळणाआड गेल्यावर काकांनी स्टूल ओढले, त्यावर चढून मला खाली उतरवले. काकूंनी ओवलेल्या सुयांतून एकेक दोरा काढून घेतला.

आता ती पाटी त्यांच्या मोरीत बादलीवर झाकण म्हणून असते. माझ्या अक्षरांवरून पाणी ओघळते. मित्रांनो, भोक करंगळीएवढे असतानाच रफूवाल्याकडे जा. आणि कापलेली पट्टी टाकू नका. ज्याचे त्यालाच जोडावे लागते. ते जवळ उरले नाही, तर माझ्यासारखा शब्द नुसता पाटीवर राहतो.