कार्डावरचा ‘पु.’

कपडे बदलायच्या खोलीची किल्ली काय हातात आली, आमच्या थोरल्या सुनेचे पाय जमिनीला लागेनात. आम्ही सासू-सुना एकाच लाँड्रीत कामाला. इस्पितळाच्या चादरी धुतो. घरी रोज सकाळी ती माझी वेणी घालते आणि लाँड्रीत मला हुकूम सोडते.

महिन्यापूर्वी माझ्या धाकट्या बहिणीचं पोर तिथं इस्त्रीवर लागलं. आधी तो माझा भाचा होता, आता ती भाची आहे. खेटे घालून घालून सरकारकडून तसं लिहून आणलंय. सून म्हणाली, "बायकांच्या खोलीत नको. बायका बुजतात." पोरगी बिचारी साबणाच्या पोत्यांमागे कपडे बदलायची. संडासला जायला लागू नये म्हणून दिवसभर पाणी प्यायची नाही. शेवटी म्हणाली, "मावशी, मी काम सोडते."

मी सुनेला म्हटलं, "बुजणाऱ्यांसाठी आत पडदा लाव. खिळे मी ठोकते."

"नियम म्हणजे नियम, आई. सरकारी ओळखकार्डावर स्त्री असेल तिलाच प्रवेश. उद्या सगळ्यांनी कार्डं आणा."

तिला वाटलं, भाचीचं कार्ड जुनंच असणार. दुसऱ्या दिवशी भाचीनं पिशवीतून नवंकोरं काढलं. स्त्री! सुनेनं ते उलटंसुलटं केलं, उजेडात धरलं. मग माझं घेतलं आणि तिचा चेहराच उतरला.

"आई, यावर ‘पु.’ आहे."

"म्हणजे?"

"पुरुष."

मी दुसरीपर्यंत शिकलेली. फोटो बरा आला होता, पुढचं कोण वाचत बसतंय! चार बाळंतपणं काढली, त्यातलं एक हिचा नवरा. बायका पोट धरधरून हसल्या.

"कारकुनाची चूक असेल," सून पुटपुटली.

"नियम म्हणजे नियम," म्हणत मी पिशवी उचलली आणि थेट पुरुषांच्या खोलीत शिरले. बॉयलरवाला एक पाय विजारीत घालून उभा. म्हटलं, "चालू दे तुझं. मीपण ‘पु.’च आहे." तो तसाच लंगडी घालत पळाला. मागोमाग आणखी दोघं, टॉवेलात. मी बाकावर ऐसपैस बसून डबा उघडला.

बाहेर गलका झाला, मशिनं थांबली. सून दाराशी आली. "आई, पाया पडते, बाहेर या. तिला येऊ देते आत."

"पडदा?"

"लावते."

मी सावकाश डब्याला झाकण लावलं, बाहेर येऊन भाचीचा हात धरला आणि सगळ्यांदेखत म्हटलं, "सूनबाई, बारा वर्षं रोज सकाळी एका बाप्याची वेणी घालतेस, तेव्हा नाही कधी बुजलीस! आता हिला किल्ली दे. आणि माझं कार्ड दुरुस्त करायच्या रांगेत तूच उभं राहायचं."