कापीआधीचा तास

एक करून बघा. जिथे आहात तिथे मांडी घालून बसा. आता समजा, तुमच्या पोटऱ्यांच्या आत, कातडीच्या खाली, कोणीतरी पन्नीर सोड्याची, म्हणजे गुलाबपाण्याच्या सोड्याची, बाटली फोडून ओतली आहे. दुखत नाही. खाजतही नाही. नुसतं आत फसफसतं आहे. पाय हलवला की थांबतं, पाय ठेवला की पुन्हा सुरू. आता समजा, हे रोज दिवेलागणीला सुरू होतं आणि तुम्ही आडवे झालात की आणखी वाढतं. डोळे मिटतात, पण पाय म्हणतात, ऊठ.

एवढं समजलात तर तंजावूरच्या मेलवीथी या गल्लीतली राजम आज्जी तुम्हाला अर्धी कळली.

राजम आज्जी संध्याकाळी घरापुढच्या ओट्यावर मुलांना देवनागरी अक्षरं शिकवायची. त्या ओट्याला तिथे तिण्णै म्हणतात. मुलं चारच: तिची नात सुप्रभा, समोरचा प्राणेश आणि पलीकडच्या घरातल्या दोन जुळ्या बहिणी. ही मुलं शाळेत तमिळ आणि इंग्रजी वाचतात, घरी मराठी ऐकतात आणि उत्तर बहुधा तमिळमध्ये देतात. त्यांच्या आईबापांनाही देवनागरी येत नाही. आज्जीला तिच्या वडिलांनी शिकवली होती. आपल्यामागे या गल्लीत कोणीतरी ती वाचणारं असावं, एवढंच तिला हवं होतं.

पण शिकवायचं तर बसायला हवं. आज्जीला बसवेना. मग ती तिण्णैच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत शिकवू लागली, आणि मुलांच्या माना तिच्याबरोबर इकडून तिकडे वळू लागल्या.

"आज्जी, तू टाउन बसच्या कंडक्टरसारखी दिसतेस," प्राणेश म्हणाला. "एक तिकीट दे."

"देते हं तिकीट. आधी 'ण' नीट काढ. त्याला तीन पाय आहेत, माझ्यापेक्षा एक जास्त, तरी बघ कसा गप्प उभा आहे."

मुलं हसली. आज्जीही हसली. पण झोप नसलेल्या माणसाचं हसू लवकर संपतं. पुढे पुढे ती एकाच अक्षरावर दोनदा चिडायची, शिकवता शिकवता भिंतीला टेकून डोळे मिटायची, आणि पाय पुन्हा तिला उठवायचे. जोडाक्षरं आली तिथे शाळा अडकली.

मुलगा गिरीश तिला स्कूटरवर बसवून डॉक्टरांकडे नेत होता. एक डॉक्टर म्हणाले, वय झालं. दुसऱ्यांनी शिरा तपासल्या आणि घट्ट मोजे दिले. तंजावूरच्या उन्हात ते मोजे घालून बघा म्हणजे कळेल. तिसऱ्यांनी झोप यावी म्हणून सर्दीवरची एक गोळी दिली, तर पाय त्या रात्री अधिकच उधळले. सगळीकडे पहिला प्रश्न एकच असायचा, "कुठे दुखतं?" आज्जी म्हणायची, "दुखत नाही." मग डॉक्टरांचं पेन थांबायचं. दुखत नसेल तर या बाई आल्या कशाला, असं त्यांच्या तोंडावर दिसायचं. आज्जी तेच ते सांगून थकली होती, आणि न सांगूनही थकली होती.

मग कोणीतरी नसांच्या डॉक्टर वासुकींचं नाव सांगितलं. त्यांनी कुठे दुखतं हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "हलवल्यावर बरं वाटतं का? संध्याकाळी वाढतं का?" आज्जीला एकदम रडू आलं. न सांगता कोणाला तरी ठाऊक होतं.

त्या म्हणाल्या, याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. रक्त तपासलं. अंगातला लोहाचा साठा अगदी कमी होता, आणि या आजारात त्याचं फार महत्त्व असतं. सर्दीवरची गोळी त्यांनी बंद केली, संध्याकाळसाठी एक लहान कॅप्सूल दिली, आणि लोहाची गोळी सकाळी, रिकाम्या पोटी. कॅप्सूलनं रात्रीची थोडी झोप मिळू लागली. पण ती वाढवली की आज्जीला चक्कर यायची, आणि तिण्णैवर मांडी घालणं अजून जमत नव्हतं. आता सगळी भिस्त लोहावर होती.

काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. साठा जवळजवळ तेवढाच.

"हे शेवटचं," आज्जी घरात म्हणाली. "आज डॉक्टरांकडे जाऊन येते, मग पोदुम. औषधंही पुरे आणि शाळाही पुरे. मुलांना सांगून टाक गे सुप्रभा."

सुप्रभानं काही सांगितलं नाही. शनिवार होता, शाळेला सुट्टी होती. ती चपला घालून दारात उभी राहिली. शेवटी गिरीशनं ऑटो बोलावली आणि तिघं गेली.

डॉक्टर वासुकींनी कागद पाहिला. "गोळी रोज घेता ना?"

"रोज. एकही चुकली नाही."

"रिकाम्या पोटीच?"

"अगदी रिकाम्या. आंघोळ, देवाला नमस्कार, मग गोळी."

"मग ती अंगी लागत नाही. आतड्याची तपासणी करावी लागेल, किंवा लोह शिरेतून द्यावं लागेल. त्यासाठी दाखल व्हावं लागेल."

गिरीश फोनमध्ये सुट्टीचा हिशोब बघू लागला. आज्जी खुर्चीतून उठली आणि त्या लहानशा खोलीत चालू लागली. "नको डॉक्टरम्मा. आणखी सुया नकोत. मी दमले."

"आज्जी गोळी कापीबरोबर घेते," सुप्रभा म्हणाली.

"गप्प बस गे! कापीनं काय पोट भरतं?"

आता हे समजून घ्या. कापी म्हणजे कॉफी. आज्जी खोटं बोलत नव्हती. तिच्या घरात एकादशीला कोणी अन्न शिवत नाही, पण कापी घेतात. श्राद्धाच्या दिवशी विधी आटोपेपर्यंत सगळे उपाशी असतात, पण कापी झालेली असते. तिथे कापी खाण्यात धरत नाहीत, पिण्यातही नाही. ती सकाळी असतेच, जशी सकाळ असते. पितळी टंबलरमधून डबऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, डबऱ्यातून टंबलरमध्ये, फेस आला की पहिल्या घोटाबरोबर गोळी. पोट रिकामंच.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "माझी अम्माही हेच म्हणते," त्या म्हणाल्या. "उपास आहे, फक्त कापी घेतली. मलाच विचारायला हवं होतं." मग सुप्रभाकडे वळून म्हणाल्या, "गोळीतलं लोह आतड्यातून रक्तात जायचं असतं. कापी त्याला धरून ठेवते, जाऊच देत नाही. मग ते तसंच बाहेर पडतं. इतके महिने हेच चाललं होतं."

"म्हणजे कापी सोडायची?" आज्जी चालता चालता थांबली. "मग पाय घेऊन करू काय?"

"सोडायची नाही. उठलात की लिंबाच्या पाण्याबरोबर गोळी. मग तासभर कापी नाही. आणि दुपारनंतर अजिबात नाही, ती पायांनाही चेतवते. साठा वाढला तर सुई टळेल. नाही वाढला तर मात्र दाखल व्हायचं. कबूल?"

आज्जीनं मान हलवली. ती होय होती की नाही, कोणालाच कळलं नाही.

"आणि सकाळी पाय कसे असतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"सकाळी? सकाळी गप्प असतात मेले. सगळा तमाशा संध्याकाळीच."

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही काळजी करत बसणार नाही. साठा वाढला, पण सावकाश. पाय शांत झाले, पण पुरते नाहीत. काही रात्री आज्जी अजूनही उठते. आणि लोहाच्या गोळ्या कोणी आपल्या मनानं घ्यायच्या नसतात, त्याआधी रक्त तपासावं लागतं, हेही लक्षात ठेवा.

पण गोष्ट आहे ती दुसऱ्या दिवशी सकाळची. रविवार होता. आज्जीनं आंघोळ केली, नमस्कार केला, तोंड वाकडं करत लिंबाच्या पाण्याबरोबर गोळी घेतली आणि तिण्णैवर येऊन बसली. आत स्वयंपाकघरात फिल्टरमधून कापीचं डिकॉक्शन ठिबकत होतं आणि त्याचा वास बाहेर येत होता. आज्जीचं डोकं ठणकत होतं.

"तासभर," ती स्वतःशीच पुटपुटली. "शाळा बंद, कापी बंद. नुसतं बसून करायचं काय?"

सुप्रभा उंबऱ्यात उभी होती. तिनं आज्जीच्या पायांकडे पाहिलं. दोन्ही पावलं पायरीवर शेजारी शेजारी टेकलेली होती. हलत नव्हती.

ती आत गेली, पाटी आणि खडू घेऊन आली आणि तिनं ते आज्जीच्या मांडीवर ठेवलं. आज्जी काही बोलायच्या आत तिनं दारापुढच्या कोलमच्या रांगोळीवरून उडी मारली, अनवाणीच रस्ता ओलांडला, आणि समोरचं दार दोन्ही हातांनी बडवत ओरडली, "प्राणेश, ऊठ रे! आज्जी बसली आहे!"